कडा कापू का? (खिडकीच्या काचेसाठी काढलेलं एक जुनं जलरंग चित्र)

चौकटवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नाशकात दहीपुलाजवळ आमचं तसबिरींचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. दत्त, स्वामी समर्थ, लग्नाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं, काचेखाली बसेल ते सगळं करतो. आज दुपारी एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या, सोबत नातू. साडीच्या खोक्यातून त्यांनी एक कागद काढला आणि म्हणाल्या, "बाबांचा नकाशा आहे. फ्रेम करून दे. आणि या कडा काप, फार मळल्यात."

नकाशा वगैरे काही नाही. जाड, खरबरीत कागद, अंदाजे १८ इंच रुंद आणि १३ इंच उंच. मधोमध जलरंगात तीन उंच, अरुंद, वर टोकदार कमानीच्या खिडक्या. प्रत्येक दीड इंच रुंद आणि सात इंच उंच. आत मासा, नांगर, झेंडा घेतलेलं कोकरू, पेला, एक पांढरा पक्षी आणि त्याची पिल्लं, आणि तिन्ही खिडक्यांतून फिरणारा द्राक्षाचा वेल. वर दोन छोट्या गोलांत 'अ' आणि 'ज्ञ'. बालवाडीसाठी केलं असावं असं आधी वाटलं, पण कोकरामागे सोन्यासारखं वलय आहे. चित्रावर कोणीतरी पट्टीने आडव्या काळ्या रेघाही मारून ठेवल्यात, इंचाइंचावर. चारी बाजूंना पेन्सिलीची गिचमिड. खाली पाण्याचा डाग.

आजींचे वडील ड्रॉइंग मास्तर होते म्हणे. भिंतीवर टीव्ही आणि दाराच्या मध्ये जागा आहे चौदा इंच. कडा कापल्या तर माउंटसकट आरामात बसतं. आजींना विचारून फोटो टाकतोय. बुधवारी संध्याकाळी द्यायचंय.

कापू का?

खवचट_खंडू | रात्री १०:५२

मी पयला.

गिऱ्हाईक कापा म्हणतंय, दुकानदार आंतरजालावर विचारतोय. नाशकात धंदा असा चालतो होय? पाण्याच्या डागाचं वय काढायचं तर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला विचारा, त्याच्या किती वर पाणी होतं ते. (हलके घ्या.)

शिशाची_रेघ | रात्री ११:१५

चौकटवाले, कात्री आधी ड्रॉवरमध्ये टाका, मग पुढचं वाचा.

हे भिंतीवर लावायला काढलेलं चित्रच नाही. स्टेन्ड ग्लासच्या खिडकीची ही पूर्वतयारी आहे. मी सात-आठ वर्षं मुंबईत अशा खिडक्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होतो. तुमचा फोटो उघडला आणि गावचं माणूस भेटल्यासारखं झालं.

काम असं चालतं. चित्रकार आधी छोटं जलरंग चित्र करतो, बहुतेक वेळा एका इंचाला एक फूट या मापात. म्हणजे तुमची दीड इंच बाय सात इंचाची खिडकी प्रत्यक्षात दीड फूट रुंद आणि सात फूट उंच. पैसे देणारे, चर्चचे पंच, पाळक, सगळे हे छोटं चित्र बघून हो-नाही करतात. मंजुरी मिळाली की तेच खिडकीच्या खऱ्या मापात मोठ्या कागदावर काढायचं. त्याला कार्टून म्हणतात. (अवांतर: हसवणाऱ्या चित्राला कार्टून म्हणायची चाल १८४३ मध्ये लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने पाडली. त्याआधी कार्टून म्हणजे हेच, मोठ्या कामाचा पूर्ण मापाचा आराखडा.) कार्टूनवरून काच कापायच्या रेघा उतरवतात, काच निवडतात, कापतात. चेहरे, पिसं, सावल्या लोहयुक्त गडद रंगाने काचेवर काढून साधारण ६५० अंशांच्या भट्टीत भाजतात. मग इंग्रजी एच अक्षरासारख्या छेदाच्या शिशाच्या पट्ट्यांत एकेक तुकडा बसवायचा, सांधे सोल्डर करायचे आणि फटींत खडूची पूड आणि जवसाचं तेल घोटून भरायचं. म्हणजे आपली रंगाऱ्याची लांबीच.

आता तुमच्या 'कोणीतरी मारलेल्या' आडव्या रेघा. शिसं मऊ. सात फूट उंच काच नुसत्या शिशावर उभी केली तर काही वर्षांत पोट काढते. म्हणून दर फुटाला आडवी लोखंडी सळई घालतात आणि तांब्याच्या तारेने काच तिला बांधतात. चित्रात इंचावर रेघ, भिंतीत फुटावर सळई. मास्तरांनी मापातच मारल्यात त्या. सळई कोकराच्या तोंडावरून जात नाहीये ना, बघा. नसणारच.

आणखी एक. चित्रात पांढरा रंग कुठेच लावलेला दिसत नाही, जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडलाय. जलरंगात कागद उजेड देतो, खिडकीत ऊन देतं. म्हणून तर हे तैलरंगात करत नाहीत.

कडांचे जवळून फोटो टाका. खरा माल तिथे असतो.

चौकटवाला | मंगळवार, सकाळी ९:०५

तोंडावरून जात नाहीये! कोकराच्या मानेखालून गेलीये सळई. आणि मी काल रात्री खोडरबर शोधत होतो.

कडांचे आठ फोटो टाकलेत. हे मोडी आहे का? आमच्या आजोबांच्या जमिनीच्या कागदांवर असंच होतं.

मोडीची_गोडी | सकाळी ९:४८

मोडीच आहे, आणि वळणदार आहे. पेन्सिल पुसट झालीये एवढंच. अडचण नेहमीची: मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, अनुस्वार द्यायचा कंटाळा, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. माझं वाचन असं:

खाली डावीकडे: इंचास फूट
डाव्या खिडकीशेजारी: नांगर निळा फिका
मधल्या खिडकीच्या वर: कोकराची मान उत्तरेस
कोकराशेजारी: पिवळें पाठीमागून
उजव्या कडेला: पगार तांबडा ठेवणे

शेवटच्याबद्दल खात्री नाही. आणि नांगर म्हणजे? शेतीचा देखावा आहे का त्या खिडकीत? मला मोबाइलवर चित्र नीट दिसत नाही.

खवचट_खंडू | सकाळी १०:०१

पगार तांबडा! मास्तरांचा पगार थकलेला दिसतोय, खात्यात तांबड्या शाईने लिहिलाय. धागा फिटला.

शरणपूरकर | सकाळी १०:३०

मोडीताई, नांगर जहाजाचा. मराठीने दोघांना एकच शब्द दिलाय, त्याला मास्तर काय करणार? बायबलमध्ये इब्री लोकांस पत्र, सहावा अध्याय, एकोणिसावी ओवी: आशा ही जिवाचा नांगर. लहानपणी रविवारच्या शाळेत मी बरीच वर्षं ही ओवी ऐकताना बैलजोडीच डोळ्यांपुढे आणायचे. (हो, आम्ही मराठी ख्रिस्ती बायबलच्या वचनांना ओव्याच म्हणतो.)

बाकी चिन्हं क्रमाने सांगत नाही, जी आवडतात ती सांगते.

मासा सगळ्यांत जुन्यांपैकी. ग्रीकमध्ये 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' यांची आद्याक्षरं जोडली की 'इख्थुस', म्हणजे मासा. रोमच्या भुयारी दफनभूमीत मासा आणि नांगर दोन्ही कोरलेले सापडतात. मराठीत आद्याक्षरांचा हा खेळ जमत नाही, तरी आम्ही मासा काढतोच. कोकरू म्हणजे योहानाच्या पहिल्या अध्यायातला 'देवाचा कोकरा', झेंडा पुनरुत्थानाचा. पेला प्रभुभोजनाचा, द्राक्षवेल योहानाच्या पंधराव्यातला.

पण मंडळी, 'अ' आणि 'ज्ञ' कडे कोणी बघितलं का? जगभरच्या चर्चमध्ये तिथे अल्फा आणि ओमेगा असतात, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर. प्रकटीकरणाच्या बाविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, मी पहिला आणि शेवटला. मास्तरांनी ते आपल्या वर्णमालेत आणलं. बालवाडी नव्हे हो, चौकटवाले! मी चहा बाजूला ठेवून दहा मिनिटं फोटो मोठा करून बघत बसले होते.

शिशाची_रेघ | सकाळी ११:१०

मोडीताई, तुम्ही सोनं वाचलंत. नुसतं वाचलं नाहीत, सोनं कसं करायचं तेच वाचलंत.

'पिवळें पाठीमागून': काचेवर पिवळा आणायची जुनी युक्ती म्हणजे चांदीचा क्षार. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात वापरात आहे. चांदीचं संयुग मातीत कालवून काचेला लावायचं आणि भाजायचं. चांदी काचेत शिरते आणि काच फिक्या लिंबापासून गडद केशरीपर्यंत पिवळी होते. बाकी रंगकाम काचेच्या आतल्या बाजूला करतात, चांदी मात्र मागच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला. स्टेन्ड ग्लासमधला 'स्टेन' मुळात हाच. त्याचा फायदा असा की पांढऱ्या कोकराचं वलय आणि कोकरू एकाच काचेवर होतं, मध्ये शिशाची रेघ लागत नाही. मास्तरांना हे माहीत होतं! पुस्तकात वाचलेलं असो की एखाद्या कारागिराशी बोलून कळलेलं असो, काचेवर विचार करूनच काढलंय.

'कोकराची मान उत्तरेस': चित्रात मान आपल्या डावीकडे आहे. आतून बघताना डावा हात उत्तरेला, म्हणजे आपलं तोंड पूर्वेला. खिडकी वेदीमागच्या पूर्वेच्या भिंतीत बसायची होती, सकाळच्या उपासनेचं ऊन तिच्यातून यायचं होतं. ही टीप लिहावी लागते, कारण काच पारदर्शक. बसवणाऱ्याने पाठ-पोट उलटं केलं की कोकरू तोंड फिरवून बसतं. असे प्रसंग मी बघितलेत, कुठे ते विचारू नका.

म्हणजे या तीन शब्दांत भिंतीची दिशा, उपासनेची वेळ आणि बसवणाऱ्याला ताकीद. आणि आजी म्हणतात मळलंय.

चूक काढायचीच तर एक काढतो. उजव्या खिडकीत वेलीची एक फांदी आणि खोड यांच्यामध्ये आत घुसणारा अगदी टोकदार कोन आहे. तशी काच कापता येत नाही. आतल्या कोपऱ्यापासून चीर पुढे पळते. पण तिथे बारीक पेन्सिलीने एक जादा शिशाची रेघ घातलेली दिसतेय. चूक लक्षात आली होती तर.

पाखरू | दुपारी १२:२०

तो 'पांढरा पक्षी' पेलिकन आहे, बगळा किंवा हंस नाही. पण चोचीखालची झोळी कुठाय? नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात एवढ्या खेपा घातल्यावर मला ही चोच बघवत नाही.

शरणपूरकर | दुपारी १२:४५

झोळी नसण्याचीच परंपरा आहे, दादा. मध्ययुगातल्या युरोपी चित्रकारांनी पेलिकन बहुधा बघितलेलाच नसायचा. कधी गरुडासारखा काढत, कधी हंसासारखा. गोष्ट अशी की मादी आपली छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजते. म्हणून ती ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण झाली.

पाखरू | दुपारी १:०२

असं करत नाहीत ते. झोळीतले मासे पिल्लांना देताना चोच छातीवर दाबतात, त्यावरून कोणाला तरी तसं वाटलं असावं. पण गोष्ट म्हणून मान्य. झोळीवरचा आक्षेप कायम.

कागदवैद्य | दुपारी २:१५

उशीर झाला, पण विचारतेच. चौकटवाले, तुम्ही कागद मागे हार्डबोर्डला कशाने चिकटवता?

चौकटवाला | दुपारी २:२८

फेविकॉल. कडेकडेने.

कागदवैद्य | दुपारी २:५०

देवा.

रागावू नका. कॅलेंडरच्या दत्ताला चालतं ते, याला नाही. हार्डबोर्डमधलं आम्ल हळूहळू कागदाला तपकिरी करत जातं आणि गोंद परत निघत नाही. माझा रोजचा धंदा असेच कागद सोडवण्याचा आहे. आम्लरहित माउंट बोर्ड घ्या, मुंबईत मिळतो, नाशकातही मागवता येईल. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी टांगायचा, जपानी कागदाची बिजागरी करून, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. खळ पाण्याने सुटते, शंभर वर्षांनी कोणाला काढावंसं वाटलं तर. काच चित्राला टेकता कामा नये. लॅमिनेशन नको. सेलोटेप घरातच ठेवू नका.

डाग धुवायच्या फंदात पडू नका, जलरंग आहे. आणि हे उन्हात लावू देऊ नका. जलरंगाला ५० लक्सच्या वर उजेड नको असं संग्रहालयं मानतात, म्हणजे बसायच्या खोलीतल्या संध्याकाळच्या दिव्याइतका. गंमत बघा, खिडकी उन्हासाठी आणि तिचं चित्र अंधारासाठी. लालसर छटा सगळ्यांत आधी उडतात, त्या किती उरल्यात तेवढं जवळून बघून सांगा.

कडा कापायचा प्रश्नच येत नाही, हे आता मी वेगळं लिहीत नाही.

दिंडोरीचा_बागायतदार | संध्याकाळी ६:३५

बागेतून आत्ताच आलो. सगळा धागा वाचला, मजा आली. वेलीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

वेल बघून काढलाय, मनाने नाही. घड कुठून निघालाय बघा: पानाच्या बरोबर समोर, त्याच पेऱ्यावर दुसऱ्या बाजूला. शोभेचं चित्र काढणारे घड पानाच्या बगलेत चिकटवतात, दुकानांच्या बोर्डावर तर नेहमीच. आणि दोन पेऱ्यांवर बाळी (वेलाचा तणावा), तिसरा पेरा मोकळा, परत दोन पेऱ्यांवर बाळी, हा हिशोब सुद्धा बरोबर आहे. एका ठिकाणी अर्धा घड आणि अर्धी बाळी काढलीये. गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) घड बाळीवर गेला, म्हणजे घडाची बाळीच झाली, की आमच्या पोटात गोळा येतो, ते या माणसाने कौतुकाने काढून ठेवलंय! मणी गोल आहेत, म्हणजे थॉमसन जात नव्हे, तिचा मणी लांबट. आमच्या आजोबांच्या बागेत भोकरी आणि फकडी या जुन्या जाती होत्या, तसलं काहीतरी असेल.

आता मुख्य. उजव्या खिडकीत वेल ज्या खोडावर चढलाय ते खोड बघा. त्याला काटे आहेत, पानं तीन-तीन पत्त्यांची आणि वर लाल फुलांचे तुरे. तो पांगारा आहे. तारेचे मांडव यायच्या आधी नाशिकच्या बागांत वेलाला पांगाऱ्याचा जिता खुंट आधाराला द्यायचे.

मोडीताई, तो 'पगार' परत एकदा बघता का?

मोडीची_गोडी | संध्याकाळी ६:५८

अहो!!

पांगारा. अनुस्वार दिलेला नाही, आणि 'प'चा काना पुढच्या 'ग'च्या वळणात गेलाय. शेवटचा काना मी रेघेचा फराटा समजले. 'पांगारा तांबडा ठेवणे'. दोन्ही शब्द पुल्लिंगी, त्यामुळे 'तांबडा'ने सुद्धा वाचवलं नाही. वीस वर्षं मोडी वाचतेय आणि द्राक्षवाल्याने पकडलं.

खवचट_खंडू | संध्याकाळी ७:०३

मास्तरांचा पगार मी परत करतो. सॉरी.

शरणपूरकर | रात्री ८:४०

मघापासून दोनदा लिहून खोडलं.

तीन खिडक्यांत क्रूस कुठेच नाही, हे सकाळीच लक्षात आलं होतं. वाटलं, वेदीवर लाकडाचा असेल, म्हणून खिडकीत घेतला नसेल. पण काट्यांचं खोड, त्यावर चढलेला द्राक्षवेल, वर तांबडं. शिवाय बरोबर पेलिकनच्या खिडकीत, रक्ताच्या शेजारी. वेगळा क्रूस कशाला हवा?

आमच्याकडे हे अगदीच परकं नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला. चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी पुण्याच्या आश्रमात राहून मरीयेला साडी नेसवली, तीही बरीचशी जलरंगातच. नाशकातलं आमचं शरणपूर तर वसवलंच मिशनऱ्यांनी. एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं सुद्धा तिथल्या शाळेत शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन विलायतेला गेला. इतक्या ठिकाणची माणसं जिथे प्रार्थना करत होती तिथे एका मास्तरला पांगारा सुचला, तर मला नवल वाटत नाही.

तरी एक शंका माझ्याच मनात आहे. मास्तरांनी शेजारच्या बागेत बघितलं ते काढलं असेल आणि काट्यांचा मुकुट आपण आता आपल्या हाताने घालत असू. चिन्हं वाचायची सवय लागली की भाजीच्या पाटीतसुद्धा दिसायला लागतात.

दिंडोरीचा_बागायतदार | रात्री ९:१०

ताई, तुमची शंका रास्त आहे, पण एक सांगतो. आधाराचा पांगारा सारखा खांडत राहायचे, वेलावर सावली पडू नये म्हणून. आजोबा सांगायचे, बागेतल्या पांगाऱ्याला फूल धरूच देत नव्हते. फुलायचा तो बांधावरचा मोकळा. आणि पांगारा फुलतो पान गळाल्यावर, शिमग्याच्या आगेमागे. चित्रात पान आणि फूल एकदम आहे. म्हणजे बागेत असं दृश्य नव्हतंच. फूल त्यांनी मुद्दाम आणलंय.

शिशाची_रेघ | रात्री ९:३०

मी जरा पाणी ओततो. 'ठेवणे' हा शब्द बघा. ठेवणे कधी लिहितात? कोणी काढा म्हणत असेल तेव्हा.

लाल काच महाग असते. पूर्ण जाडीची लाल काच उजेडात काळी दिसते, म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवून ती बनवतात. निळी-हिरवी मानाने स्वस्त. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री लालवर चालते. तेव्हा हा निरोप धर्माचा आहे की बजेटचा, दोन्ही शक्य आहे.

या कागदांचं महत्त्व विचाराल तर एक उदाहरण देतो. न्यूयॉर्कच्या जे. अँड आर. लँब स्टुडिओची (स्थापना १८५७) अशी दोन हजारांहून जास्त तयारीची चित्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलेली आहेत. त्यात मोठमोठ्या चर्चपासून छोट्या चॅपलच्या नुसत्या चिन्हांच्या खिडक्यांपर्यंत सगळं आहे. याच स्टुडिओने अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेच्या चॅपलला काळ्या लोकांच्या भक्तिगीतांवरची खिडकी करून दिली होती. ते चॅपल १९५७ मध्ये जळालं, काच गेली. १९६९ मध्ये नवीन चॅपल उभं राहिलं तेव्हा त्याच स्टुडिओने त्याच विषयाची खिडकी पुन्हा केली. काच फुटते, वितळते. कागद जपला असेल तर काम परत उभं राहायला आधार उरतो.

चौकटवाला | बुधवार, रात्री ९:५५

आज आजी आल्या. सगळा वृत्तांत देतो.

मी त्यांना दुकानात बसवून धागा वाचून दाखवला. (खंडू, तुझा पगार पण वाचला. हसल्या.) 'अ' आणि 'ज्ञ' आलं तेव्हा म्हणाल्या, "हे माहीत होतं की मला. 'अ' याच्यावरच गिरवला मी." पांगाऱ्याला मात्र गप्प झाल्या. त्यांना एवढंच आठवतं की लाल काचेवरून घरात बोलणं व्हायचं, पंच नको म्हणत होते आणि बाबा ऐकत नव्हते. कशासाठी ऐकत नव्हते ते माहीत नाही, त्या पाच-सहा वर्षांच्या होत्या.

खिडकी झालीच नाही. लढाई लागली, विलायती काच यायची बंद झाली. प्रार्थनामंदिर छोटं होतं, तीन कमानींना साधी दुधी काच बसली. "सकाळी ऊन यायचं, पण पांढरं," म्हणाल्या. पुढे ते मंदिरही गेलं, आता तिथे इमारत आहे.

मग कागदवैद्य ताईंचा उजेडाबद्दलचा इशारा धरून मी मांडलं: मूळ कागद आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ठेवायचा, भिंतीसाठी स्कॅन करून प्रिंट लावायची, ती हवी तशी कापता येईल, चौदा इंचात बसेल. नमुना म्हणून कडा कापलेली प्रिंट काढूनच ठेवली होती. आजींनी चष्मा काढून, लावून, परत काढून बघितली. म्हणाल्या, "यात बाबांचं अक्षर कुठाय?"

तेव्हा आता पूर्ण कागदाची प्रिंट लावायची ठरलंय, कडांसकट, अठरा इंच. टीव्ही सरकवावा लागेल. नातू म्हणतो मॅच संपल्यावर.

ताई, लाल तपासला. चित्रभर फिकटलाय, पेलिकनच्या छातीवर तर गुलाबीच उरलाय. पांगाऱ्याचा मात्र टिकलाय. भिंगातून दिसतंय की तिथे दोनदा लावलाय.

कागदवैद्य | रात्री १०:१२

दोनदा लावला म्हणून नाही टिकत. तिथे वेगळा रंग वापरला असेल, हिंगूळ किंवा तसला खनिज. लाखेचे किंवा मंजिष्ठाचे लाल उडतात, खनिज टिकतात. म्हणजे एकाच चित्रात दोन लाल, आणि टिकाऊ लाल पांगाऱ्याला.

शरणपूरकर | रात्री १०:१५

मग माझी शंका मी निम्मी मागे घेते. निम्मी ठेवते.

शिशाची_रेघ | रात्री १०:३१

चौकटवाले, आजींना विचाराल का? तीन खिडक्या माझ्याच्याने होणार नाहीत, पण उजव्या खिडकीतला पांगारा आणि वेल, दोन फुटांचा एक तुकडा, शिशात करून द्यायला मला आवडेल. काच माझ्याकडे उरलेली आहे, मजुरी घेणार नाही. स्कॅन पूर्ण मापाचा पाठवा, त्या टोकदार कोनातल्या पेन्सिलीच्या रेघेसकट.

लाल तेवढा अडलाय. माझ्याकडे दोन आहेत, एक किरमिजीकडे झुकणारा, एक शेंदरीकडे. पांगारा कसा असतो? मुंबईत मी गुलमोहरच बघतो.

दिंडोरीचा_बागायतदार | रात्री १०:४४

आमच्या बांधावर एक आहे अजून. होळीच्या सुमारास फुलेल. फूल कुरिअर करू का?

शिशाची_रेघ | रात्री १०:५०

काळं पडेल वाटेत. दोन्ही काचा घेऊन मीच येतो, झाडाखाली धरून बघू.

दिंडोरीचा_बागायतदार | रात्री १०:५२

सकाळी या. आमचा बांध पूर्वेलाच आहे.